तेलाचा पाऊस पडतो का?



परवा वर्ग सुटता सुटता एका मावशींनी मला दारात गाठले. म्हणाल्या, "गुरुजी, समुद्रात जहाजाचं तेल सांडतं. त्याची वाफ होते. मग तेच तेल पावसातून आपल्या हंड्यात पडतं का हो?"

मी म्हटले, "उद्या सांगतो." आणि कंदील घेऊन निघालो. मावशींना वाटले असेल, गुरुजींना घाई आहे. घाई नव्हती. हाच प्रश्न मला २०१० साली एकदा विचारला होता. तेव्हा मी चुकीचे उत्तर दिले. ते कुणाला भोवले, ते आधी सांगतो. मग तेलाकडे वळतो.

२०१० सालच्या एप्रिल महिन्याची २० तारीख. अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथे समुद्राच्या तळाला भोक पाडून तेल काढण्याचे काम चालू होते. पाण्याची खोली सुमारे दीड हजार मीटर. वर तरंगता तराफा होता, त्याचे नाव डीपवॉटर होरायझन. त्या रात्री स्फोट झाला. ११ कामगार गेले. तराफा बुडाला आणि तळातून तेल उसळू लागले. ते बंद व्हायला ८७ दिवस लागले. तोवर समुद्रात सुमारे ४९ लाख पिंपे तेल गेले. एका पिंपात १५९ लिटर मावते, आता करा हिशेब!

आपण हे सगळे टीव्हीवर बघत होतो. तेलाने माखलेले पक्षी, काळे किनारे. तिथल्या लोकांनाही भीती वाटली. रस्त्यावर साचलेल्या पावसाच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसला, आणि कुणी म्हणाले, आभाळातून तेल पडले.

तेवढ्यात आपल्याच दारात तसे घडले. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर झाली. एकाचे नाव एमएससी चित्रा, दुसरे खलिजिया. चित्रा कलंडले. त्याच्यावरचे कंटेनर समुद्रात पडले आणि शेकडो टन इंधनतेल सांडले. ते उरण, अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आले. काही दिवस मासेमारी थांबली. मासळी कुणी घेईना.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका शाळेत हेडमास्तर होतो. तिथल्या विहिरी खारट. म्हणून शाळेच्या छपराला पन्हळ लावली होती. पावसाचे पाणी टाकीत भरायचे आणि ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे. जुलैतच टाकी काठोकाठ भरली होती. ऑगस्टात एके दिवशी पोरे धावत आली. "सर, तेलाचा पाऊस पडला!" मी अंगणात जाऊन पाहिले. डबक्यावर खरेच निळा-जांभळा तवंग होता.

आता मी पडलो मॅट्रिक झालेला माणूस. कुणाला विचारायचे सोडून मी हुकूम दिला. टाकी उपसा, पन्हळ काढून ठेवा. गावालाही सांगितले की हे पाणी पिऊ नका. हेडमास्तर म्हणतात म्हटल्यावर कोण ऐकणार नाही? आठ-दहा घरांनी आपल्या टाक्या ओतून दिल्या.

जानेवारीत पाणी तुटले. सहावीतली एक मुलगी शाळेत दिसेना. घरी गेलो तर आई म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत म्हणून टाकी ओतली. आता दोन मैलांवरनं पाणी आणते. धाकटं पोर कुणाकडे ठेवू?" त्या मुलीची वार्षिक परीक्षा बुडाली. ती पुन्हा शाळेत आलीच नाही.

पुढे एक विज्ञानाचे मास्तर आमच्याकडे आले. त्यांना मी हे सांगितले. त्यांनी एकच सवाल केला. "गुरुजी, मिठागरात समुद्राचं पाणी उन्हानं उडून जातं. मागं काय राहतं?" मी म्हटले, मीठ. ते म्हणाले, "मग पाऊस खारट का पडत नाही?"

मंडळी, सगळे उत्तर त्या एका सवालात आहे. ऊन पाण्याला उचलते, पाण्यात जे असते ते सगळे उचलत नाही. आमटी उकळताना झाकणाखाली थेंब जमतात ना? ते चाखून बघा. त्यात मीठ नाही, तिखट नाही, फोडणीचे तेल नाही. नुसते पाणी.

पण वास? आमटीचा वास तर शेजारपर्यंत जातो. म्हणजे काहीतरी वर जातेच. हे मी लपवणार नाही. जमिनीतून निघणारे तेल म्हणजे एकच वस्तू नव्हे. त्यात पातळ, हलके भाग असतात, आणि डांबरासारखे जड भागही असतात. धोतरावर रॉकेल सांडले तर थोड्या वेळाने डाग विरतो आणि घरभर वास सुटतो. डांबर लागले तर? धोतर फाटेल, डाग जाणार नाही. तसेच समुद्रावर होते. हलका भाग काही तासांत, एक-दोन दिवसांत हवेत उडतो. जड भाग पाण्यावर राहतो, नाहीतर किनाऱ्याला येतो.

मेक्सिकोच्या आखातात सांडलेल्या तेलाचा अमेरिकी सरकारने अंदाज केला. त्यांच्या मते सुमारे चौथा हिस्सा हवेत उडाला किंवा पाण्यात विरघळला. मग हवेत गेलेला भाग पावसात आला का? तेलाचा हा वायू पाण्यात फारसा मिसळत नाही, म्हणून पावसाच्या थेंबात तो सहसा शिरत नाही. उन्हाने आणि हवेने त्याचे तुकडे होतात. त्यातून काही बारीक कण तयार होतात. जून २०१० मध्ये विमाने फिरवून शास्त्रज्ञांनी तिथली हवा तपासली, तेव्हा तेलाच्या वाऱ्याखालच्या बाजूला हे कण सापडले. अशी हवा जवळ राहणाऱ्याच्या छातीला वाईट. हे कण पावसाबरोबर खाली येतातही. पण ते तेल उरलेले नसते. आणि एवढ्या मोठ्या आभाळात ते इतके पसरतात की पावसातून तवंग पडावा असे काही होत नाही.

दुसरे असे की, पाऊस काही सांडलेल्या तेलाच्या डागावरून उठत नाही. आपला मोसमी वारा हजारो कोस समुद्र ओलांडून येतो आणि साऱ्या वाटेवर वाफ गोळा करतो. त्यापुढे मुंबईजवळचा तो डाग म्हणजे परातीवरची मोहरी. शिवाय चित्राचे तेल जड होते. त्यातले वर उडण्याजोगे फार थोडे.

मग काळा पाऊस पडतच नाही का? पडतो. पण तेल सांडल्याने नव्हे, तेल जळल्याने. १९९१ साली कुवेतमध्ये युद्धाच्या वेळी सहाशेच्या वर तेलविहिरी पेटवल्या गेल्या. त्या विझवायला नोव्हेंबर उजाडला. आभाळ काजळीने भरले. तो काजळीचा पाऊस शेजारच्या इराणातही पडला. चुलीवरच्या धुराड्यात पाणी गेले की काळे ओघळ येतात, तसाच प्रकार. म्हणून कुठे तेल पेटले असे ऐकलेत तर त्या दिवसांत पन्हळ बाजूला करा. समुद्रावर तुफान असेल तर लाटांचा फवारा वाऱ्याने किनाऱ्यावर उडतो, त्याबरोबर तेलही उडू शकते. पण तो फवारा झाला, पाऊस नव्हे.

आता कुणी विचारील, मग तुमच्या अंगणातला तो तवंग कसला? तेही मास्तरांनी दाखवले. एक काडी घ्यायची आणि तवंग ढवळायचा. तेलाचा असेल तर तो फाटून पुन्हा सांधतो. पण आपल्या तांबड्या मातीत लोह असते. त्यावर जगणारे सूक्ष्म जंतू साचलेल्या पाण्यावर अशीच रंगीत साय धरतात. ती काडीने मोडते, काचेसारखे तुकडे होतात आणि ते सांधत नाहीत. माझ्या अंगणात तीच साय होती! रस्त्याकडेला खरे तेल दिसले, तरी ते बहुधा ट्रक-मोटारींतून गळलेले. ते खालून आलेले असते, वरून नव्हे. टाकीतच तवंग सांधताना दिसला किंवा रॉकेलचा वास आला, तर मात्र ते पाणी पिऊ नका आणि आरोग्य केंद्रात कळवा.

एवढ्याने मावशींचा प्रश्न सुटला असे मला वाटले होते. पण काल त्याच मावशी म्हणाल्या, "वरनं येत नाही ना, मग गेलं कुठं?"

बाईने बरोबर जागी बोट ठेवले. मी आभाळाकडे बघत टाकी ओतत होतो, तेव्हा ते तेल भरतीबरोबर खाडीत शिरत होते. तिवरांच्या मुळांना बसत होते. तिवरे मुळांनी श्वास घेतात, मुळे माखली की झाड गुदमरते. चिखलात गेलेले तेल वर्षानुवर्षे राहते, कारण तिथे ऊन नाही आणि हवा नाही. त्याच चिखलात खेकडे, कालवे वाढतात. पावसाळ्याच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर आणि गोव्यात डांबराचे गोळे वाहून येतात, ते तुम्ही पायाला लागलेले पाहिलेतच. तेल परत येते ते असे, लाटेवरून.

काही टाक्या अजून उघड्या आहेत. छपरे झाडून घ्या. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर जाऊ द्या, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. मग पन्हळ टाकीला लावा. तोंडाला फडके बांधा आणि पिण्यापूर्वी पाणी उकळा. कुणाच्या पन्हळीला पत्रा कमी पडत असेल तर शाळेच्या पडवीत माझ्याकडचे दोन तुकडे पडून आहेत, घेऊन जा.