शेवटच्या रिळात मागे उरलेले

चित्रपटाची गोष्ट बहुधा पडदा पडण्याच्या दहा मिनिटे आधीच संपते. दोघांचे लग्न लागलेले असते किंवा खलनायकाच्या हातात बेड्या पडलेल्या असतात. थिएटरात खुर्च्या वाजू लागतात, पाय अंधारात चपला चाचपू लागतात, कारण बाहेर शेवटची बस गाठायची असते. दिग्दर्शकाचा खरा कस मात्र याच उरलेल्या मिनिटांत लागतो. मराठीतल्या काही जुन्या-नव्या चित्रपटांची शेवटची रिळे एकापाठोपाठ पाहिली, तर त्यांतल्या चांगल्यांची एक खूण सापडते. जो गेला त्याच्यामागे कॅमेरा जात नाही. तो मागे उरलेल्या माणसापाशी थांबतो.

याची सुरुवात 1936 साली झाली. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तुकारामांचे काम करणारे विष्णुपंत पागनीस पूर्वी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यांच्या मुद्रेतला गोडवा पाहून प्रेक्षक हात जोडत, आणि आजही त्या मुद्रेत खोट सापडत नाही. तरीही चित्रपट उचलून धरते ती गौरी या नटीची जिजाई. ही बाई पोराच्या दुखण्याने संतापून पायातली वहाण हातात घेते आणि थेट देवळात विठोबाला जाब विचारायला जाते. तिचे भांडण तत्त्वाचे नाही. घरात दाणा नाही आणि नवरा टाळ कुटतो आहे, एवढीच तिची तक्रार, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

शेवटी तुकाराम तिला वैकुंठाला सोबत चल म्हणतात आणि ती नाही म्हणते. पोरांचे कोण करणार, हा तिचा प्रश्न. मग गरुड येतो आणि तुकाराम निघून जातात. हा गरुड आता पुठ्ठ्याचा वाटतो. त्या काळी त्याने डोळे दिपले असतील, पण ट्रिक फोटोग्राफीला वय असते आणि ते दिसते. चुलीशी राबणाऱ्या बाईच्या नकाराला मात्र वय नाही. संतपटाने संताच्या बायकोला इतका निखळ युक्तिवाद द्यावा आणि तो खोडून काढू नये, हे नवलच. पुढच्या कित्येक संतपटांना चमत्कार जमले. जिजाई जमली नाही.

1979 सालच्या ‘सिंहासन’चा शेवट याच्या उलट टोकाचा आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेलांनी ती कृष्णधवल रंगात पडद्यावर आणली. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि श्रीराम लागूंचा विश्वासराव दाभाडे ही जोडी मराठी पडद्यावरच्या राजकारणाचा मानदंडच म्हणावी लागेल. इथे कोणी ओरडत नाही. माणसे फोन करतात, हसतात आणि मोजत बसतात. हा सगळा खेळ पाहतो दिगू टिपणीस हा पत्रकार. एरवी बेरकी खलनायक रंगवणाऱ्या निळू फुल्यांना ही भूमिका देणे हीच एक चलाखी. सरकार पडता पडता वाचते, कालचा बंडखोर पुन्हा पंगतीला बसतो आणि दिगूचे डोके फिरते. मागे उरतो तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसणारा दिगू.

हा शेवट गाजला, पण तोच चित्रपटाचा कच्चा दुवा आहे. इतका वेळ थंड डोक्याने चाललेले निरीक्षण एकाएकी नाटकाच्या तिसऱ्या अंकात शिरते. खरा पत्रकार अशा रात्री बातमी देतो, चहा पितो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मंत्रालयात जातो. ते दाखवले असते तर जास्त बोचले असते. निळूभाऊंच्या चेहऱ्यामुळे प्रसंग तरून जातो, एवढेच.

‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीत आणणारा ‘श्वास’ 2004 साली आला. संदीप सावंत यांचा हा चित्रपट सरळ रेषेत चालतो. डोळ्यांच्या कर्करोगाने आजारी नातवाला घेऊन आजोबा कोकणातून शहरातल्या रुग्णालयात येतात. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. म्हणून दृष्टी जाण्याआधी आजोबा त्याला एक दिवस शहर दाखवायला गुपचूप बाहेर काढतात. रुग्णालयातली धावपळ गरजेपेक्षा लांबते, हा दोष मान्य करावा लागतो. पण अरुण नलावडे यांचे आजोबा रडवायला निघालेले नाहीत. काळा चष्मा लावलेला नातू परशा पाण्यातून गावाकडे परततो, तेव्हा ज्याने सगळे गमावले तोच सगळ्यांत उत्सुक आहे, हे पाहून मोठी माणसे गप्प होतात.

नागराज मंजुळे यांनी शेवट हे हत्यार म्हणून वापरले. ‘फँड्री’ फेब्रुवारी 2014 मध्ये प्रदर्शित झाला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. शाळकरी जब्याला शालू आवडते आणि त्याच शाळेच्या आसपास घरच्यांसोबत डुकरे धरायची वेळ त्याच्यावर येते. शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, हे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. या प्रसंगाला थिएटरात हशा पिकतो आणि पुढच्याच क्षणी हसणाऱ्याला आपलीच लाज वाटते. पुढे काठीला टांगलेले डुक्कर खांद्यावरून नेताना शाळेच्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, फुले, शाहू यांची चित्रे दिसतात. हा संकेत ठळकच आहे. पण अशा भिंती गावोगाव आहेत, त्या दिग्दर्शकाने रंगवून घेतलेल्या नाहीत. अखेर चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो. तो दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि पडदा काळा होतो. मागे उरलेला माणूस या वेळी खुर्चीत बसलेला असतो.

त्यांच्याच 2016 च्या ‘सैराट’मध्ये हीच युक्ती आवाजावर केली आहे. पूर्वार्धात अजय-अतुल यांच्या गाण्यांनी थिएटरे नाचली, पडद्यावर नाणी उधळली गेली. हैदराबादेतला उत्तरार्ध संथ वाटतो अशी कुरकूर तेव्हाही झाली. पण स्टोव्ह, भाड्याची खोली आणि भांडणे यांची सवय झाल्याशिवाय शेवट बसत नाही. नायिकेच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. पुढचे काही दाखवले जात नाही. शेजारणीबरोबर गेलेले लहान मूल घरी येते, आई-बापांना पाहते आणि रडत बाहेर चालू लागते. जमिनीवर लाल पावले उमटतात. रडणे दिसते, ऐकू येत नाही. दोन वर्षांनी आलेल्या ‘धडक’ या हिंदी आवृत्तीत नायिका वाचते आणि शेवट तिच्या दुःखावर येतो. नटीला मोठा प्रसंग मिळाला, पण नीट बोलताही न येणारे ते मूल गेले आणि त्याबरोबर चित्रपटाचा कणाही गेला.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये मात्र कोणी मरतही नाही. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराचा मृत्यू झालेला असतो, तो गोष्टीच्या आधी. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे त्याने आत्महत्या केली, असा आरोप आहे. वीरा साथीदार यांनी हा शाहीर अभिनयाचा लवलेश न दिसू देता उभा केला. उन्हाळी सुट्टी लागते, शिपाई दिवे मालवतात, दालन अंधारात बुडते. इथे कोणत्याही दिग्दर्शकाने चित्रपट संपवला असता, आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. ताम्हाणे न्यायाधीशांच्या मागोमाग कौटुंबिक सहलीला जातात. न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात, पोरे दबक्या पावलांनी येऊन कानाशी ओरडतात. एकाला चापट बसते, बाकीची पळतात, आणि साहेब पुन्हा डोळे मिटतात. दोन तासांची सुनावणी त्या चापटीत येते: कोणी का ओरडले, हे विचारले जात नाही.

याच दिग्दर्शकाचा ‘द डिसायपल’ 2020 साली व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवून आला. शास्त्रीय गायक होण्यासाठी तारुण्य खर्ची घालणाऱ्या शरद नेरुळकरची ही गोष्ट आहे. आदित्य मोडक स्वतः गायक असल्याने स्वर लागत नाही म्हणजे काय, हे त्यांना अभिनय न करता दाखवता येते. मधला भाग थोडा कोरडा आहे, उपहासही क्वचित सोपा होतो. शेवटी शरद बायको-मुलीसह मुंबईच्या गाडीत बसलेला आहे. डब्यात एक गाणारा शिरतो, वाद्याच्या साथीने आपले गाणे म्हणत माणसांमधून वाट काढत पुढे सरकतो. त्याला गुरू नाही, घराणे नाही, ध्वनिमुद्रण नाही. शरद ऐकतो. गाडी चालूच असते.