पूर्ण साठ सेकंद



१९५६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर जीन वॉर्ड सांभाळत. काचपेटीतल्या कोंदट हवेपेक्षा ऊन आणि मोकळा वारा बाळांना जास्त मानवतो, असे या बाईंचे ठाम मत होते. हवा बरी असली की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत. एकदा डॉक्टरांची फेरी सुरू असताना त्यांनी डॉ. डॉब्स यांच्यासमोर एक बाळ उघडे केले. सारे अंग फिकट, आणि त्यात रेघ मारून आखावा तसा एक गडद पिवळा त्रिकोण. हिने बाळाला काही औषध फासले की काय, असे डॉक्टरांना वाटले. सिस्टर म्हणाल्या, नाही, हे उन्हाचे काम. अंगावर चादरीचा कोपरा पडला होता तेवढ्या जागेतली कावीळ तशीच राहिली होती. उघड्या अंगावरची उतरली होती.

पुढे काही आठवड्यांनी काविळीच्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरले. दोन आणि दोन चार झाले. १९५८ मध्ये क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. लेखकांत सिस्टर वॉर्ड यांचे नाव नाही. पण आज गडचिरोलीत काय आणि गोव्यात काय, निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधून झोपलेले प्रत्येक बाळ त्या त्रिकोणाचे देणेकरी आहे. (घरोघरच्या आज्या अजून ‘कोवळ्या उन्हात ठेवा’ म्हणतात, त्यात तथ्याचा अंश आहे, पण जन्मानंतर चोवीस तासांच्या आत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ उन्हावर सोडायची नसते. ते बाळ त्याच दिवशी दवाखान्यात पोचले पाहिजे.)

रॉचफर्डच्या त्या सिस्टरकडे कोणतेही यंत्र नव्हते. रोजच्या रोज उघडे अंग निरखण्याची सवय होती, आणि दिसले ते साहेबांसमोर बोलण्याची छाती होती. बालरुग्ण परिचर्येचे निम्मे शास्त्र या दोन गोष्टींत येते. मोठा माणूस सांगतो, छातीत दुखते, चक्कर येते. आठ महिन्यांचे बाळ फक्त रडते, आणि खरे आजारी असले तर तेही करत नाही. किंचाळणाऱ्या मुलाभोवती सारा वॉर्ड गोळा होतो आणि कोपऱ्यातल्या खाटेवर शांत पडलेले मूल ‘झोपलंय बिचारं’ म्हणून राहून जाते. ब्रायटनचे परिचारक ॲलन मोनाहन यांनी २००५ मध्ये मुलांची बिघडती प्रकृती वेळेत ओळखण्यासाठी एक गुणतक्ता प्रसिद्ध केला. त्यात रक्ताभिसरण आणि श्वसन यांच्या बरोबरीने वागणुकीलाही गुण आहेत: मूल खेळते आहे का, किरकिरते आहे का, मलूल पडले आहे का. आपल्याकडची कोणतीही आई हे तीनही शब्द न शिकवता वापरते.

आता श्वासांकडे वळू. ताप-खोकल्याच्या मुलाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे ठरवायला जगभरातल्या आरोग्यसेविकांना तीन आकडे शिकवले जातात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. श्वास आत घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, ज्याला खेड्यात ‘पोट उडतंय’ म्हणतात, तर आजार आणखी पुढे गेलेला. ‘मोठा माणूस’ समजून मिनिटाला १८ श्वास लिहिले की परीक्षेत चालून जाते. सहा महिन्यांच्या धापा टाकणाऱ्या बाळाच्या तक्त्यावर ते लिहिणे म्हणजे न मोजल्याची कबुली. आणि हे आकडे पाठ असले तरी पुरत नाही. मोजताना मूल शांत हवे, अंगावर पीत नसावे, रडत नसावे, आईच्या मांडीवर हवे आणि झबले वर केलेले हवे. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दहा सेकंद भरभर, मग जरा थांबतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा हिशेब इथे खोटा ठरतो. पूर्ण साठ सेकंद. सुरुवातीला ते फार लांब वाटतात.

महाराष्ट्राने या साठ सेकंदांची किंमत जगाला दाखवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गडचिरोलीच्या खेड्यांत न्यूमोनियाच्या उपचाराचा प्रयोग केला. गावात डॉक्टर नव्हते. होत्या त्या दाया. त्यांतल्या कित्येकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. तेव्हा त्यांच्यासाठी एक साधन बनवले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सोबत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचले, तर न्यूमोनिया समजून प्रतिजैविक सुरू करायचे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले: प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी होते. पुढे याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत आरोग्यदूत बाया घरोघरी जाऊन नवजात बाळांचे वजन, ताप, पिणे, रडणे तपासू लागल्या आणि तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. देशभरच्या आशाताई आज जन्मलेल्या बाळाच्या घरी ठरावीक दिवशी भेटीला जातात, त्या पद्धतीची मुळे इथे आहेत. निरक्षर दाईला जमले ते चार वर्षे शिकून पदवी घेतलेल्याला जमणार नाही, असे कारण आता कोणाला देता येणार नाही.

हगवणीच्या उपचाराची कसोटी पश्चिम बंगालमधल्या बनगावला लागली. १९७१ चे बांगलादेश युद्ध, सीमेवर निर्वासितांचे लोंढे, कॉलरा, आणि सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत पाणी कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. तीस टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यू साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत आले. आज ती पुडी दुकानात मिळते, एक लिटर पाण्यात कालवायची. तरी मूल ओकते म्हणून आई ती बंद करते, आणि वॉर्डातही पुष्कळदा सगळे सलाइनच्याच मागे लागतात. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबायचे आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करायचे, एवढे शांतपणे सांगणारे आणि पहिला चमचा स्वतः पाजून दाखवणारे माणूस शेजारी असले तर पुष्कळ मुलांच्या हाताला सुई लागतच नाही. सोबत जस्ताची गोळी चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. हे ‘तरी’ घरी जाताना हमखास विसरले जाते.

जुलाबाच्या मुलाचे डोळे खोल गेलेत का, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की हळूहळू मागे जाते का, हे पुस्तकात आहे. पुस्तकात नसते ते घरातले भाषांतर. ‘दात येताहेत म्हणून हगतोय’, ‘टाळू बसलीय, तेल भरा’, ‘दृष्ट लागली’. टाळू खरेच खाली गेलेली असते; आजीचे निरीक्षण बरोबर, अर्थ चुकीचा. तिला हसून गप्प करणारी सिस्टर एक साक्षीदार गमावते. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागतात, त्याला डंबा म्हणतात. डाग दिसल्यावर आईला फैलावर घेणे सोपे आहे. पुढच्या खेपेला मग ती बाळ आणत नाही, किंवा पदर घट्ट लपेटून आणते. डाग चूकच आहे, यात शंका नाही. पण ती बाई पोराला वाचवायलाच भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, गेली होती, हे विसरून चालत नाही.

तापाचे भय मराठी घरात भाषेतच बसले आहे: ‘ताप डोक्यात गेला’. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात. घरचे कांदा फोडून नाकाशी धरतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. झटका बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला जाते. सिस्टरचे काम कमी दिसणारे आहे. मुलाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे. पाच मिनिटे उलटली तर औषधाची घाई, नाही तर धीर. झटका किती वेळ चालला, हे घाबरलेल्या बापाला विचारले तर तो अर्धा तास सांगेल. त्यात त्याचा दोष नाही.

तापाचे औषध म्हणजे पॅरासिटॅमॉल, आणि इथे खरा धोका गणिताचा. आठ किलोच्या बाळाला किलोला १५ मिलिग्रॅमप्रमाणे १२० मिलिग्रॅम लागतात. ते थेंबांच्या बाटलीतून साधारण १.२ मिलिलिटर, १२५ च्या सिरपमधून जवळजवळ ५ मिलिलिटर, आणि २५० च्या सिरपमधून त्याच्या निम्मे. मागच्या खेपेला ‘एक चमचा’ सांगितला होता म्हणून आईने या खेपेला थेंबांच्या बाटलीतला एक चमचा पाजला, तर चौपट औषध गेले. दिवसातून चारदा तसे झाले तर यकृतावर बेतते. चूक आईची नाही. ‘एक चमचा’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे. बाटली हातात घेऊन, त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून, पिचकारीवर खूण करून देणे याला दोन मिनिटे लागतात.

खोकल्याच्या औषधाबद्दल तर आता कोणाला वेगळे सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात भेसळीचे सिरप पिऊन वीसहून अधिक मुले गेली. त्यांपैकी अनेकांना मूत्रपिंडे निकामी झाल्यावर उपचारांसाठी नागपूरला आणले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. त्या विषाची पहिली ठळक खूण कोणत्याही यंत्रावर दिसत नाही: मूल सू करायचे थांबते. ‘शेवटची सू कधी केली?’ हा प्रश्न प्रत्येक पाळीला, प्रत्येक आईला विचारायचा असतो. तक्त्यातला तो रकाना भरायला सगळ्यात कंटाळवाणा. भेसळ ओळखणे सिस्टरच्या हातात नव्हते आणि तिची जबाबदारीही नव्हती. पण साध्या सर्दी-खोकल्याच्या लहान मुलाला असली सिरपे लागतच नाहीत, हे घरोघर सांगणे तिच्या हातात आहे.

गोवराबद्दल थोडेच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात तो पसरला आणि ‘हा आजार संपला’ म्हणणाऱ्यांचे डोळे उघडले. पुरळ येण्याआधी गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, ते बॅटरी लावून पाहावे लागतात. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे, म्हणजे डोळे वाचतात आणि जीवही. कडुनिंबाचा पाला उशाशी ठेवला तर ठेवू द्यावा. त्याने कोणाचे वाईट होत नाही.

आज पदवी घेणाऱ्या परिचारिका-परिचारकांना हे सगळे उद्यापासून करायचे आहे, आणि करताना वॉर्ड भरलेला असेल. सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला एकट्या सिस्टरकडे तीस-चाळीस मुले असणे आपल्याकडे नवलाचे नाही. चाळीस मुलांचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे तर केवळ त्यातच चाळीस मिनिटे जातात; औषधे, सलाइन, नोंदी, नवी भरती, मध्येच निखळलेली सुई हे त्याखेरीज. तरीही शॉर्टकटची पहिली शिकवण नव्या सिस्टरला बहुधा जुन्या सिस्टरकडूनच मिळते: ‘अगं, सगळ्यांचे तीस लिही.’ तिच्यावर रागावू नये. तीही कधीतरी अशाच सभागृहात टोपी घालून बसली होती.

तीस लिहू नका, एवढीच स्नातकांना विनंती. गणवेशाला लावायला सेकंदकाटा असलेले घड्याळ आजच घ्या. रात्री मोबाईलची बॅटरी संपते. ती चाळीस मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न मात्र स्नातकांचा नाही. तो पहिल्या रांगेत बसलेल्या मान्यवरांचा आहे, आणि रिक्त पदांची यादी त्यांच्या टेबलावर आहे.