एका शब्दाचें ओझें

लढाई तहानें थांबते. परंतु त्या लढाईंत जें सोसावें लागलें त्यास नांव कोणतें द्यावयाचें, हा तंटा तहानें मिटत नाहीं. जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या वृत्तपत्रांत तो आजहि चाललेला दिसतो.

१९१० पासून १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता. दुसऱ्या महायुद्धांत लक्षावधि कोरियन माणसें जपानच्या खाणींत व कारखान्यांत राबविलीं गेलीं. त्यांपैकीं चौघांनीं २००५ सालीं एका जपानी पोलाद कंपनीवर सोलच्या न्यायालयांत दावा लावला. ३० ऑक्टोबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें अंतिम निकाल दिला. तो ऐकावयास चौघांपैकीं एकच वृद्ध उरला होता.

कोरियन वृत्तपत्रांच्या लेखीं हे लोक 'सक्तीच्या मजुरीचे बळी' होते. जपानी अग्रलेखांनीं १९६५ च्या कराराकडे बोट दाखविलें. त्या वेळीं जपाननें ३० कोटि डॉलरची देणगी व २० कोटि डॉलरचें कर्ज देऊं केलें. तेव्हांच सर्व मागण्या मिटल्या, असा त्यांचा पक्ष. अन्यायी राजवटींतील छळाची भरपाई त्या करारांत आलीच नव्हती, असें न्यायालयाचें मत. ३० नोव्हेंबर २०१८ रोजीं 'जपान टाइम्स' या इंग्रजी दैनिकानें 'सक्तीचे मजूर' हा प्रयोग सोडून 'युद्धकालीन मजूर' हा स्वीकारला. एक विशेषण गळलें, आणि त्याबरोबर सक्ती करणाराहि वाक्यांतून नाहींसा झाला.

तथापि शब्दांचा हा खेळ एकाच किनाऱ्यावर चालतो असें नाहीं. या निकालानंतर व्यापाराचा कलह पेटला. तेव्हां, १७ जुलै २०१९ रोजीं, खुद्द कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीनें दोन कोरियन दैनिकांवर ठपका ठेवला. त्यांच्या जपानी आवृत्तींतील मथळे मूळ कोरियन मथळ्यांहून निराळे व अधिक बोचरे होते. वृत्तपत्र एक, वृत्त एक. परंतु वाचक बदलतांच मथळा बदलला.

वृत्तपत्रास आपला पक्ष असावा, यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु वाचक बहुधा आपल्याच भाषेंतील मथळा वाचतो आणि त्यालाच इतिहास समजतो. म्हणून सुज्ञ वाचकानें प्रत्येक मथळ्यास एकच प्रश्न विचारावा : या शब्दानें कोण दृष्टिआड झाला?

निकाल ऐकणारा तो वृद्ध जानेवारी २०२५ मध्यें निवर्तला. त्याला काय म्हणावें, हें मात्र अद्याप ठरावयाचें आहे.