जंतूंच्या दप्तरावरचा पहारेकरी

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

आपल्या आतड्यात ‘इ. कोलाय’ नावाचे जिवाणू सुखाने नांदत असतात. त्यातल्या एकेकाजवळ चार हजारांहून अधिक जनुकं असतात. ती सगळी एकाच वेळी कामाला लावणं त्या इवल्या जिवाला परवडणारं नाही. मग कोणतं जनुक केव्हा चालवायचं, हे ठरवतं कोण?

१९४०च्या सुमारास, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झाक मोनो हे तरुण संशोधक जिवाणूंना एकाच वेळी दोन साखरा खायला घालत होते. जिवाणू आधी ग्लुकोज संपवत, मग काही काळ वाढ थांबे, आणि नंतर दुसऱ्या साखरेवर ती पुन्हा सुरू होई. हा मधला खंड मोनोंच्या डोक्यातून जाईना. उत्तर मिळायला वीस वर्षं गेली. पाश्चर इन्स्टिट्यूटमधले फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी ते १९६१मध्ये मांडलं.

माझ्या विद्यार्थ्यांना मी सातबाराचं उदाहरण देतो. मूळ दप्तर तलाठ्याकडेच राहतं; आपल्या हाती पडतो तो उतारा. पेशीतही डीएनएचं दप्तर जागचं हलत नाही. आरएनए पॉलिमरेज नावाचं एन्झाइम कारकुनासारखा त्याचा उतारा काढतं आणि त्याबरहुकूम प्रथिनं तयार होतात. आता दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, काम पाहणारी तीन जनुकं घ्या. त्यांच्या तोंडाशीच एक प्रथिन ठाण मांडून बसतं. ते आहे तोवर उतारा जवळजवळ निघतच नाही. लॅक्टोज पेशीत शिरलं की त्यापासून बनलेला एक रेणू या पहारेकऱ्याला चिकटतो, त्याचा आकार बदलतो, पकड सुटते आणि कारकुनाला वाट मोकळी होते. १९६६मध्ये हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर गिल्बर्ट आणि बेन्नो म्युलर-हिल यांनी हा पहारेकरी वेगळा काढून दाखवला. पेशीत त्याचे रेणू जेमतेम दहाएक! एवढ्यांनी ४६ लाख अक्षरांच्या दप्तरात नेमकी जागा शोधायची. मला याचंच नवल अधिक वाटतं.

आणि तो मधला खंड? ग्लुकोज असेपर्यंत लॅक्टोजला पेशीत फारसा शिरकाव मिळत नाही. ते संपलं की ‘सीआरपी’ हे दुसरं प्रथिन डीएनएवर बसून कारकुनाला बोलावून घेतं, तेही एका नव्हे, शंभराहून अधिक ठिकाणी. या जुळवाजुळवीला वेळ लागतो.

साखरेपुरतं हे गमतीचं वाटेल. पण क्षयाच्या जंतूची तऱ्हाही अशीच आहे, आणि तिथे ती आपल्या जिवावर बेतते. शरीराने घातलेल्या वेढ्यात प्राणवायू कमी पडला, की ‘डॉस-आर’ नावाचं प्रथिन डीएनएवर ठिकठिकाणी बसतं आणि सुमारे पन्नास जनुकं एकदम जागी करतं. दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या गटाने याच प्रथिनाचा ‘डेव्ह-आर’ या नावाने मोठा अभ्यास केला आहे. जंतू वाढायचा थांबतो, पण मरत नाही. दबा धरून राहतो. आपली बरीच औषधं वाढत्या जंतूंवर जोरात चालतात, निजलेल्यांवर कमी. खोकला थांबला, वजन भरलं, तरी डॉक्टर महिनोन् महिने गोळ्या घ्यायला लावतात, त्याचं हे एक कारण.

डॉस-आरला डीएनएवर बसूच दिलं नाही तर? प्रयोगशाळांतून तशी रसायनं शोधली जात आहेत. रुग्णाच्या हाती देण्याजोगं औषध मात्र त्यातून अजून निघालेलं नाही.