दगडफुलाचा हिशेब



भोकरच्या घराघरांत काळ्या मसाल्यात दगडफूल पडते. पण ते फूल नव्हे. खडकावर, झाडाच्या सालीवर बुरशी आणि शेवाळ एकजीव होऊन वाढतात, तेच हे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. बुरशी ओल धरते, आसरा देते. १८६९ साली श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने बुरशीला मालक म्हटले आणि शेवाळाला गुलाम.

शाळा मी लवकर सोडली; हे पुढे वाचनातून कळले. बोलणी करायला बसलो की आम्हांला ऐकवतात, ‘मालक नसेल तर मजूर उपाशी मरेल.’ दगडफूल उलटे सांगते. शेवाळ वेगळे काढले तरी जगते. ही बुरशी मात्र रानात एकटी सहसा आढळत नाही. भागीदारी मोडा, असे मी म्हणत नाही. अन्न कोण कमावतो, तेवढे हिशेबात लिहा.