जंगल निवडताना

(रेडिओवरील भाषण)



दिवाळी सरली, की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. मी नागपूरची. तीस-बत्तीस वर्षं विदर्भातल्या जंगलांतून हिंडते आहे. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत कुठे जावं, हे नात्यातली माणसं मला विचारतात. अशीच एकदा पुण्याहून भाची म्हणाली, "मावशी, ताडोबाचं बुकिंगच मिळत नाहीये गं. तू बघ ना काहीतरी."

मी विचारलं, "कोण कोण जाताय?" ती, जावई, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दिवस किती? प्रवास धरून पाच. "आणि बघायचंय काय?" त्यावर ती म्हणाली, "काय म्हणजे? वाघ!"

सफारी हा शब्द आपल्याकडे आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतून आला, आणि स्वाहिलीत तो अरबी सफरवरून गेला. म्हणजे आपली सफर आणि ही सफारी एकाच घरच्या. सफर ठरवताना आपण सोबतीला कोण आहे, वाट कशी आहे, दिवस किती आहेत, हे आधी बघतो. जंगलाच्या बाबतीत मात्र हे सगळं मागे पडतं आणि एका जनावरासाठी सगळं ठरतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आधी माणसं आणि दिवस बघा, मग जंगल निवडा.

ताडोबाबद्दल माझ्या मनात जराही अढी नाही. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं ते आपलं जुनं, भरलेलं रान. साग, बांबू, मधोमध तळं, आणि तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं. गोंड लोक त्याला मानतात, पौष महिन्यात तिथे जत्रा भरते. वाघ दिसण्याची शक्यताही तिथे चांगली. पण ताडोबा ठरवलं म्हणजे निम्मंच ठरलं. गेट कुठलं, हे ठरवायला हवं. चंद्रपूरकडून येणाऱ्याला मोहर्ली जवळ, चिमूरकडून येणाऱ्याला कोलारा. एका वर्षी मी मैत्रिणींसाठी खोल्या घेतल्या मोहर्लीजवळ आणि सकाळची फेरी घेतली कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या ठिपक्यात दिसत होती. जंगलातून आरपार जाता येत नाही, बाहेरून भलामोठा वळसा पडतो. आम्ही पोचलो तेव्हा जिप्सी कधीच आत गेल्या होत्या. मुंबईहून पहिल्यांदाच जंगल बघायला आलेली माझी मैत्रीण गेटजवळच्या दगडावर बसून राहिली. तो चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, आधी गेट, मग खोली. आणि ताडोबा मंगळवारी बंद असतं, हेही सांगते. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं, तेच बरोबर न्यायचं.

कोअरचं बुकिंग नाही मिळालं, तर लोक हिरमुसतात. त्याचं कारण नाही. आतला कोअर आणि भोवतालचा बफर ही रेघ माणसांनी आखलेली. आगरझरी, देवाडा, जुनोना या बफरच्या बाजूंनाही वाघ फिरतो, अस्वल फिरतं. शिवाय तिथला गाईड बहुधा शेजारच्याच गावचा असतो. आता कितीतरी गावांतल्या बायकाही हे काम करतात. त्यांच्या गाडीत बसलात, तर जंगलाबरोबर गावही कळतं: कुणाच्या धानात रानडुकरं शिरली, कुणाची गाय वाघाने नेली.

ऋतूचं मी थोडक्यात सांगते. जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. ऑक्टोबरात जंगल उघडतं तेव्हा गवत पुरुषभर वाढलेलं असतं, जनावर दिसणं अवघड. थंडीत पाखरं भरपूर, पण पहाटेच्या उघड्या जिप्सीत बोटं बधिर होतात. लहान मुलांना कानटोपी, मोजे, पांघरूण, सगळं हवं. एप्रिल-मेमध्ये सागाची पानं गळालेली, पाणी चार-दोन पाणवठ्यांवर आलेलं. वाघ बघायचाच असेल, तर हेच दिवस. पण चंद्रपूरचा उन्हाळा पाच वर्षांच्या पोराला आणि सत्तरीच्या बाईला झेपेल का, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

कोणी नुसतं माझ्या आवडीचं विचारलं, तर मी मेळघाट म्हणते. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. तरी वाघ दिसावा म्हणून तिकडे जाऊ नका. सातपुड्याच्या त्या घड्याच एवढ्या खोल आहेत, की वाघ पलीकडच्या उतारावर असला, तरी मधे दरी असते. जावं ते सेमाडोहला, कोलकासला, सिपना नदीच्या वळणावर बसायला. आणि रानपिंगळा बघायला. घुबडाच्या जातीचा हा लहानसा पक्षी 1884 नंतर कुणाला दिसलाच नव्हता. संपला, असंच सगळे धरून चालले होते. 1997 साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात पुन्हा सापडला. 113 वर्षांनी! पुढे मेळघाटातही तो असल्याचं कळलं.

मला तो फेब्रुवारीत दिसला, सकाळी नऊच्या उन्हात. घुबड असून हा दिवसा हिंडतो. आमच्या कोरकू गाईडने गाडी थांबवायला लावली आणि हनुवटीनेच दाखवलं. पानं झडलेल्या सागाच्या फांदीवर वितीपेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या पोटाचा, पायांवर पिसांची जाड पांढरी विजार घातल्यासारखा. शेपूट डावी-उजवीकडे झटकत होता. मग एकदम खाली पडल्यासारखा झेपावला, पाचोळ्यात धप्प आवाज झाला, आणि वर आला तेव्हा चोचीत सरडा होता. वीस मिनिटं आम्ही तिथे होतो. दुसरी एकही गाडी आली नाही.

असा निवांतपणा मिळणं हल्ली कठीण झालं आहे. 2024 च्या 31 डिसेंबरला आमच्या नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे वाटेत असताना गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. मला त्या चित्रफिती बघवल्या नाहीत. त्या गाड्यांत तुमच्या-माझ्यासारखीच माणसं होती, लेकराबाळांना घेऊन आलेली. 'वाघ दाखवाच' हा हट्ट आपण गाडीत बसताना धरतो, तेव्हा ड्रायव्हर काय करणार? म्हणून तो हट्ट घरीच ठेवून निघा, असं मी हात जोडून सांगते.

पुणेकरांना तर मी म्हणते, एवढ्या लांब यायलाच हवं असं नाही. बारामती-इंदापूरच्या माळावर वनखात्याने गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे, कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट आहे. आणि त्या माळांवर लांडगा आहे, धनगरांच्या मेंढरांमागून पिढ्यान्‌पिढ्या हिंडणारा. ज्यांना रात्रीचं आकाश बघायचं असेल, त्यांनी पेंच निवडावं. महाराष्ट्राच्या पेंचला 2024 च्या जानेवारीत देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली.

तर माझी भाची. मी तिला म्हटलं, "तुझ्या सासूबाईंना विचारलंस का, त्यांना कुठे जायचंय?" ती गप्प. कुणी विचारलंच नव्हतं. अर्ध्या तासाने फोन आला तो सासूबाईंचाच. म्हणाल्या, "नागझिरा. माडगूळकरांचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. तिथलं तळं बघायचंय मला."

ठरलंच मग. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहून गेले आणि त्यांनी त्यावर लिहिलं. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून त्या मुलखात नोकरी केली. भंडारा-गोंदियाचं हे जंगल आटोपशीर आहे. महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून थेट गोंदियापर्यंत येते, म्हणजे मधे सामान आणि मुलं घेऊन गाडी बदलणं नाही. साकोलीकडून पिटेझरीचं गेट जवळ. मी त्यांना तिन्ही रात्री एकाच जागी राहायला लावलं. सासूबाईंनी दिवसाला एकच फेरी करायची, कारण तीन-चार तास धक्के खाल्ले, की गुडघे बोलायला लागतात.

वाघ दिसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या फेरीला ते तळ्याजवळ होते. आधी चितळाचा धोक्याचा कॉल झाला. गाईड म्हणाला, चितळ कशालाही घाबरतं, थांबा. मग सांभर ओरडलं, एकदाच, भांडं आपटावं तसं. तेव्हा त्याने जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगितलं. झाडीतून एक सांभराची मादी धावत आली आणि थेट पाण्यात शिरली, पोटापर्यंत. पाठोपाठ रानकुत्रे आले. सात. तांबूस अंग, काळ्या शेपट्या. काठावर ते मागे-पुढे करत होते, एकमेकांना शीळ घातल्यासारखा बारीक आवाज काढत होते. एक पाण्यात पाय घालून परत फिरला. मादी नुसती उभी होती, कान त्यांच्याकडे रोखून. फेरीची वेळ संपत आली, तशी गाडी निघाली, तेव्हाही ती पाण्यातच होती.

सासूबाईंनी हे सगळं मला फोनवर पाऊण तास सांगितलं. रात्री जेवताना नातीने त्यांना विचारलं, "आजी, ती बाहेर आली असेल का?" कुणालाच सांगता येईना. पुढच्या पहाटे आजींनी गुडघ्याला पट्टा बांधला आणि आपणहून जिप्सीत चढून बसल्या. गाईडने गाडी आधी तळ्याकडेच घेतली. पाण्यावर धुकं होतं, काठ रिकामा होता. जरा पुढे, दुसऱ्या बाजूच्या ओल्या चिखलात सांभराच्या खुरांचे ठसे होते, खोल रुतलेले, पाण्याकडून वर झाडीत गेलेले. नातीने गाडीतूनच ते मोजायला सुरुवात केली.