आईचें बियाणें आणि मुलीची पाटी
(गांवच्या पालकसभेंत शिक्षकांनीं केलेलें भाषण)



परवां वर्गांत बियांचा धडा चालला होता. घेवड्याचें बी वर्षभर कसें टिकवावें, असें आम्हीं विचारलें. पुस्तकांत उत्तर नव्हतें. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, खडखडीत वाळवायचं, चुलीची राख चाळून लावायची, मडक्यात भरून तोंड शेणामातीनं लिंपायचं." कोणीं शिकविलें, असें विचारतां तिनें मान खालीं घातली. "आईनं. पण ती अडाणी हाय."

हा शब्द आम्हांला झोंबला. तो तिला शिकविला कोणीं? आम्हां मास्तरांनींच! कोरडी राख ओल शोषते, भुंग्याचें अंग खरवडते, म्हणून तो बियांत वाढत नाहीं. हें शास्त्र नव्हे काय? ट्रेनिंग कॉलेजांत आम्ही अंकुराची आकृति काढायला शिकलों. राख कोणीं सांगितली नाहीं. जोतीरावांनीं तर १८८२ सालींच हंटर कमिशनपुढें मागितलें होतें कीं, खेड्यांतील शाळांत शेतीचें प्राथमिक ज्ञान द्यावें.

अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहींत. गांवठी वाणांचें बी जपून त्यांनीं घरांत बीजबँक उभी केली, आणि २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आदल्या दिवशींही त्यांना तेवढेंच ठाऊक होतें.

आतां कोणी म्हणेल, मग पोरीला शाळेंत कशाला धाडायचें? आईपाशींच शिकूं द्या. बाबांनो, हा डाव आम्ही ओळखून आहोंत. बाईनें अक्षर शिकूं नये, हेंही जुनें म्हणूनच सांगत असत. सावित्रीबाईंनीं १८४८ पासून पुण्यांत मुलींना शिकवून तें खोटें पाडलें.

आई मूठभर बी भिजवून उगवण पाहते. मुलीनें शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे. ८५ उगवले तर शेंकडा ८५. पुढें दुकानांतील पिशवीवरचा आंकडा तीच वाचील. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा व छाप न मारतां विकण्याचाही हक्क आहे. वाचतां न येणारीला तो कोण सांगणार?

येत्या सोमवारपासून आठवड्याचा एक तास गांवांतील आयाबाया शिकवितील. आम्ही बाकावर बसूं. मुली वहींत लिहितील, आणि जिचें ज्ञान तिचें नांव पानावर घालतील. पहिला तास त्या मुलीच्या आईचा. घरच्यांनीं त्या दिवशीं तिला भांगलणीला धाडूं नये, एवढी विनंति.